समोरच्या दाराला नवं कुलूप

तिसऱ्या मजल्यावर येऊन इंद्रायणीने खांद्यावरची पिशवी उतरवली, आपल्या दाराची किल्ली काढली, आणि मग तिला दिसलं की समोरच्या दाराला दुसरंच कुलूप आहे. एवढंच. चैत्रातली दुपार, जिन्यात कुणी नाही, खालच्या मजल्यावर कुकरची एक शिट्टी होऊन थांबलेली. जुनं कुलूप पत्र्याचं होतं, काळपट, त्याच्यावरचं नाव झिजून गेलेलं. हे पिवळंधमक, लहान, पण अंगाने भरलेलं. आपण घाबरलो, असं तिने आधी धरलं. सिद्धरामला कळलं. कुलूप बदललं म्हणजे कळलंच. आता जिन्यात, शाळेत, खाली पाण्याच्या टाकीशी घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायकांत: तिसरीच्या वर्गाच्या इंद्रायणीबाई लोकांची कुलपं उघडतात. पण भीतीच्या खाली आणखी एक काहीतरी होतं आणि ते भीतीपेक्षा चपळ होतं. तिची तर्जनी अंगठ्यावर आपोआप घासत होती. नवं आहे. आत काय असेल?

"बाई?" बंद दाराच्या आतून आवाज आला. "आलीस व्हय?"

"आले आजी."

"मग उगड की."

"कुलूप बदललंय आजी."

"बदललं तर बदललं. तुला येतंय की. उगड. लई उकडतंय हितं."

गंगम्मा म्हणजे सिद्धरामची आई. सिद्धराम चिंचोळी एमआयडीसीत सुताच्या कारखान्यात, त्याची बायको उत्कर्षा एका खासगी दवाखान्यात बसते, रिसेप्शनवर. दोघं सकाळी जातात, संध्याकाळी येतात. मागच्या श्रावणात गंगम्मा दुपारची उठून चालू लागली आणि दिवेलागणीला अक्कलकोट रस्त्यावर सापडली, अनवाणी, एका टपरीवाल्याला आपल्या वडिलांचं नाव सांगून घराची वाट विचारत. वडील जाऊन कितीतरी वर्षं झालेली. तेव्हापासून बाहेरून कुलूप. सिद्धराम रोज कामावर जाण्याआधी आईची वेणी स्वतः घालतो, हे इंद्रायणीने उघड्या दारातून पाहिलं आहे. त्याच्या त्या जाड बोटांतून पांढऱ्या केसांचा बारीक पेड सुटत राहतो आणि तो पुन्हा पुन्हा धरतो. वाईट कुणीच नव्हतं आणि दाराला कुलूप होतं. इंद्रायणीची शाळा सकाळची. ती घरी येई तेव्हा या मजल्यावर दोनच बायका असत, एक आत, एक बाहेर.

कुलपांचं वेड तिला करोनाच्या वर्षात लागलं. त्याच्या आदल्या वर्षी आई गेली होती आणि घरात बोलणारं कुणी उरलं नव्हतं. मोबाइलवर एक माणूस दिसायचा, म्हणजे त्याचे फक्त हात. टेबल, एक स्वस्तातलं कुलूप, आणि ते हात. चेहरा कधीच नाही. किल्लीच्या भोकात एक पट्टी घालून तो गाभ्याला, म्हणजे किल्लीबरोबर फिरणाऱ्या आतल्या भागाला, अगदी जरासा ताण द्यायचा आणि दुसऱ्या हातातल्या बारीक आकड्याने आतल्या पिना एकेक करून वर ढकलायचा. पिना एका ओळीत उभ्या असतात, प्रत्येकीच्या डोक्यावर एक स्प्रिंग, पण अडते ती एका वेळी एकच. ती कोणती हे कुलूप सांगत नाही, बोटाला कळावं लागतं. पहिली आधी अडेल असं नसतं. कधी तिसरी, मग पहिली, मग शेवटची. अडलेली पिन जागेवर पोचली की बारीकसं टिचकन होतं, कानापेक्षा नखाला जास्त ऐकू येणारं. इंद्रायणीने गाडीच्या वायपरमधली पोलादी पट्टी गॅरेजवाल्याकडून मागून आणली, छत्रीची काडी कानशीने घासली, मंगळवार बाजारातून गंजकी कुलपं आणली. गॅरेजवाल्याला सांगितलं, शाळेतल्या मुलांना प्रयोग दाखवायचाय. पहिलं कुलूप उघडलं तेव्हा तिला लहानपणचं जेऊर आठवलं. स्टेशनमागच्या खोलीत आई वाती वळायची, कापसाचा पुंजका मांडीवर, आणि तिच्या हातातली वात दरवेळी घट्ट होऊन पिळली जायची. आई म्हणायची, हात हलका ठेव गं, ती वात आहे, दोरखंड नव्हे. इतक्या वर्षांनी तिचा हात हलका झाला होता आणि दाखवायला आई नव्हती. हातांचा तो माणूस प्रत्येक वेळी शेवटी एक गोष्ट सांगायचा: जे कुलूप आपलं नाही, जे कुणाच्या वापरात आहे, त्याला हात लावायचा नाही.

माघात एकदा समोरच्या दाराच्या आतून बांगड्या वाजत होत्या. हाका नाहीत, रडणं नाही. नुसत्या बांगड्या, लाकडावर, थांबून थांबून. इंद्रायणीने विचारलं, काय हवंय आजी? आतून आलं, वारं. तिने ते कुलूप एक श्वास घेऊन सोडावा इतक्या वेळात उघडलं. आपण नियम मोडतोय हे तिला तेव्हा कळलंच नाही. कळलं ते गंगम्मा बाहेर येऊन जिन्याच्या सिमेंटच्या जाळीशी टेकली आणि तिने डोळे मिटले तेव्हा. मग रोजच. जाळीतून खालचा लिंब दिसायचा, म्हशींचा गोठा, विजापूर रस्त्याचा एक तुकडा. गंगम्मा शेंगा फोडायची, टरफलं पदरात ठेवायची, म्हशींना कानडीत शिव्या द्यायची. "बग की, ती काळी. माज बग तिचा. आमच्या सासूसारका." इंद्रायणी हसायची. जिन्याचं खालचं तोंड ती आपल्या पायांनी अडवून बसायची, तेवढी शुद्ध तिला होती. मग ऊन गोठ्याच्या पत्र्यावर आलं की म्हणायची, चला आजी, आत. गंगम्मा वाद घालायची नाही. आत जायची, दार ओढून घ्यायची. इंद्रायणी कुलूप लावायची. उघडण्यात तिचा हात होता, तिची अक्कल होती, तिचा श्वास होता. लावायला काहीच लागत नव्हतं, कुलपाची वरची कमान दाबली की झालं. तो आवाज रोज तिच्याच हातून व्हायचा. सिद्धरामने सकाळी लावलेलं कुलूप आणि संध्याकाळी त्याला दिसणारं कुलूप, ही दोन निराळी कुलपं होती. दुसरं इंद्रायणीने लावलेलं. हा विचार आला की ती उठून पाणी प्यायची.

त्या दुपारी तिने नव्या कुलपाला हात लावला नाही; संध्याकाळी सिद्धराम जिन्यात भेटला. हातात कोथिंबिरीची जुडी, शर्टावर सुताची पांढरी धूळ. ती पायरीवर थांबली. आता.

"काय बाई, जेवण झालं का?"

"संध्याकाळचे सहा वाजलेत सिद्धराम."

"सवय ओ. कंपनीत पण मॅनेजरला दिवसभर हेच विचारतोय." तो हसला आणि मग हसू आवरून त्याने दाराकडे मान केली. "कुलूप बगितलाव का? जुनं झिजलं पार. परवा येऊन बगतो तर लटकायलंय नुसतं, उगडं. दार ढकललं की उगडतंय. आई आत झोपलेली, म्हणून बरं. तशीच निघून गेली असती तर?"

परवा. परवा खालून उत्कर्षाच्या गाडीसारखा आवाज आला म्हणून तिने घाईने कमान दाबली होती. गाभा आधी सरळ करायचा राहिला होता. गाभा वाकडा असला की कमान बसल्यासारखी वाटते आणि बसलेली नसते. किल्लीने कुलूप लावणाऱ्या माणसाच्या हातून अशी चूक होणारच नाही.

"माझ्या अंगाचं पाणी झालं बाई. एक सेकंद तर मला वाटलं, कुणीतरी..." त्याने वाक्य सोडून दिलं. "मग काल सुट्टी टाकून हे आणलं. नव्या पेठेतनं. दुकानदार म्हणतो, आतल्या पिना वेगळ्या हायत, तारेनं उगडतच नाही. चोराचा बाप आला तरी घरी जाऊन किल्ली आणील म्हणतो. तुमी पण बदला की. तुमच्या दाराला काय कुलूप हाय ते, नुसता दागिना."

"बघते," ती म्हणाली.

तेव्हाच बोलायचं होतं. दुपारची एक किल्ली माझ्याकडे ठेवत जा, मी घरीच असते, एवढं वाक्य. ते तिने मनात पूर्ण जुळवलं सुद्धा. माघाआधी एकदा उत्कर्षाला तसं सुचवलं होतं, तर उत्कर्षा गोड हसून म्हणाली होती, तुम्हाला कशाला त्रास बाई, तुमची विश्रांतीची वेळ. तो नकार होता. तो पुन्हा मोडून काढता आला असता. पण किल्ली हातात आली की ती दुपार तिची राहिली नसती, ते एक काम झालं असतं, कुणाच्या तरी सोयीचं. शिवाय (हे ती घरात येऊन, दार लावून, दिवा न लावता उभी असताना तिला दिसलं) तो म्हणाला होता, पिना वेगळ्या आहेत. त्या एका वाक्यावर तिचे कान टवकारले होते. त्याच्या भीतीवर नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून ती थेट नव्या पेठेत गेली आणि तसलंच कुलूप घेतलं. महाग नव्हतंच. आणखी एक घेतलं, कापायला. कानशीने त्याची बाजू उतरवून आतल्या पिना तिने आईच्या चांदीच्या करंड्यात काढल्या, ज्यात आता कुंकू नव्हतं. भिंगाखाली धरल्या. साध्या पिना सरळ असतात, पेन्सिलीच्या तुकड्यासारख्या. यांना कंबर होती. दोऱ्याच्या रिळासारख्या, दोन्ही टोकांना जाड, मध्ये बारीक. त्या बारीक जागेत गाभ्याची कड अडकते. मग कुलूप फसवतं: सगळं उघडल्यासारखा गाभा एकदम थोडासा फिरतो, तीळभर, आणि तिथेच थांबतो. बोटांना वाटतं, झालं. माणूस जोर लावतो. जितका जोर लावावा तितकी ती कंबर घट्ट धरली जाते. तिथे करायचं उलटं असतं. ताण सोडायचा, पण सगळा नाही; पट्टीवरचं बोट इतकं सैल की गाभा मागे सरकू लागेल, आणि त्या मागे सरकण्यातच पिन वर न्यायची. मागे सरकताना आधी बसवलेल्या पिना पडतात. कधी एक. कधी सगळ्या. इंद्रायणीला हे पाठ होतं, जसं तिच्या वर्गाला पाढे पाठ असतात. तिच्या हाताला येत नव्हतं.

ती जेवणाच्या टेबलाशी बसायची. समोरचं दार आणि तिचं दार यांमध्ये चार पावलांचा जिना. आतून गंगम्मा बोलायची आणि ते सगळं ऐकू यायचं. पहिल्या दिवशी शिव्या. "बाई, मेलीस काय गं? का माज आला त्या म्हशीवानी?" आणि इंद्रायणी कुलपावरून डोळे न काढता मोठ्याने म्हणायची, थांबा आजी, होतंय, शिकतेय मी. नंतर विनवण्या. नंतर एक लांबलचक काहीतरी कानडीत, ज्यात अव्वा, म्हणजे आई, हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता. त्या दुपारी गाभा पहिल्यांदा फिरला, खोटा, तीळभर, आणि तिला इतका आनंद झाला की तिने जोर लावला आणि सगळं घट्ट झालं, आणि आवाज थांबला होता हे तिच्या लक्षातच आलं नाही. मग काही दिवस नुसत्या बांगड्या. मग नळाला पाणी येण्याचा दिवस, भरायला सगळे घरी, दार सताड उघडं. इंद्रायणीने आत डोकावून पाहिलं, गंगम्मा पलंगावर भिंतीकडे तोंड करून होती, उत्कर्षा घागरी भरताना म्हणाली, हल्ली उठतच नाहीत ओ, जेवायला सुद्धा भरवावं लागतंय. मग बांगड्याही नाहीत. या सगळ्या दुपारी दाराशी बसून बोलता आलं असतं. बंद दारातून म्हशी सांगता आल्या असत्या, काळी काय करतेय, लिंबाला मोहोर किती आलाय. त्याला कुठलं कुलूप उघडावं लागत नव्हतं. ती टेबलाशी बसून राहिली. ज्या दुपारी टेबलावरचं कुलूप तिच्या तळहातात उघडलं, कमान उडून नखाला लागली, त्या दुपारी समोर इतकं शांत होतं की तिला आपल्याच पंख्याचा आवाज नवा वाटला.

ती हत्यारं घेऊन बाहेर आली.

"आजी, मी आहे. आलेय."

काही नाही.

तिसरी. तिसरी आधी अडली. टेबलावरच्यात चौथी अडायची. एकाच दुकानातली, एकाच खोक्यातली, तरी याचा स्वभाव वेगळा. आणि हे हातात नाही, कोयंड्याला लटकलंय, पितळ उन्हाने तापलेलं, डाव्या हाताने खालून पेलायचं आणि त्याच हाताच्या करंगळीने पट्टीवर ताण. श्रावणात टपरीवाल्याने गंगम्माला चहा पाजला होता म्हणे. वडिलांचं नाव सांग म्हटलं की अजूनही सांगते. पण बाईचं नाव? बाईचं नाव तिने कधी विचारलं होतं का, आपण कधी सांगितलं होतं का, बाई, एवढंच, बाई म्हणजे कुणीही

पहिली. बसली. पाचवी, हिला कंबर नाही, साधी, बसली. खाली कुणाचीतरी चप्पल वाजली. खालच्या मजल्यावरचे चनबसप्पा काका, दुपारचं झोपून उठलेत. आता ते वर आले तर. शाळेतून आलेली बाई, शेजाऱ्याच्या दाराशी वाकलेली, दातांत छत्रीची काडी. चपला थांबल्या. नळ सोडला. बंद केला. दुसरी

आणि गाभा फिरला. तीळभर. खोटा. तिला माहीत होतं की खोटा आहे, आणि तरी तिच्या सगळ्या अंगाला दाबावंसं वाटलं, खांद्यापासून, जसं बंद दाराला माणूस खांदा लावतो. दार कानाशीच होतं. आत कुणी श्वास घेतंय का ते ऐकू येत नव्हतं. सैल. करंगळी सैल. गाभा मागे येऊ लागला आणि त्याबरोबर पहिली पडली, ते तिला नखाला कळलं, पडू दे, तिसरी अजून धरून आहे, चौथी वर, आणखी, कंबर सुटली. पुन्हा पहिली. पुन्हा खोटं वळण, दुसरं, आधीच्यापेक्षा जरा पुढचं. पुन्हा सैल. किती वेळ गेला ते तिला समजलं नाही. ऊन गोठ्याच्या पत्र्यावर आलं होतं, म्हणजे आत जायची वेळ झाली होती, जी बाहेर आलीच नव्हती तिची. दुसरी. गाभा आता जो फिरला तो फिरतच गेला आणि कमान सुटली.

तिने कडी काढली, दार ढकललं.

गंगम्मा दारापासून हातभर आत उभी होती. वेणी तशीच सकाळची, घट्ट. इतका वेळ ती तिथेच उभी असावी, दाराच्या आत, हलणाऱ्या कुलपाकडे कान लावून. इंद्रायणीच्या तोंडावर हसू आलं, शाळेतल्या मुलीसारखं, बघा, आलं मला. गंगम्माने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग तिच्या हातातल्या तारांकडे.

"यार नी?" ती म्हणाली. कोण तू.

"मी आजी. बाई. समोरची."

"कळ्ळी," गंगम्मा म्हणाली, आधी हळू, स्वतःशी शब्द पारखून घेतल्यासारखी. मग ओरडली. "कळ्ळी! कळ्ळी आलीय! सिद्दू! ये सिद्दू!"

कळ्ळी म्हणजे चोरटी, एवढी कानडी सोलापुरात कुणालाही येते. गंगम्मा मागे सरत भिंतीला लागली, तिने पदर मुठीत आवळला, आणि त्या म्हाताऱ्या गळ्यातून आवाज जिनाभर उतरत गेला. इंद्रायणीच्या डाव्या हातात कुलूप होतं. दार ओढून घेतलं, कडी घातली, कमान दाबली, आपल्या घरात गेली, की झालं. चार पावलं. आतली ओरडते, ओरडते कधीकधी, तिचं डोकं ठिकाणावर नाही हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक आहे. तिचा अंगठा कमानीवर होता सुद्धा.

"काय ओ? काय झालं?" खालून चनबसप्पा काकांचा आवाज. "कोण वरडायलंय?"

"मी आहे काका," इंद्रायणी म्हणाली. आवाज आपला नाही असं तिला वाटलं, आणि मग वाटलं की आपलाच आहे, वर्गातला, मागच्या बाकापर्यंत जाणारा. "इंद्रायणी. सिद्धरामचं कुलूप मी उघडलंय. त्याला फोन करून बोलवा."

काका दोन पायऱ्या वर आले.

"किल्ली दिलती काय त्यानं तुमाला?"

"नाही."

मग चपला, घाईने, आत जाणाऱ्या, आणि अर्धवट ऐकू येणारं फोनवरचं मोठ्याने बोलणं, बाई, व्हय, शाळेतल्या बाई, तूच ये. चिंचोळीहून इथवर यायला त्याला वेळ लागणार होता. इंद्रायणी दाराच्या उंबऱ्यावर बसली, पाठ एका चौकटीला, पाय दुसऱ्या चौकटीला टेकवून, म्हणजे तिला ओलांडल्याशिवाय कुणाला बाहेर जाता येणार नाही. कुलूप आणि हत्यारं तिने शेजारी फरशीवर ठेवली, लपवली नाहीत. सिद्धराम काय म्हणेल ते तिने योजून पाहिलं नाही. तो जिना चढून येईल तेव्हा जुन्या कुलपाचं खरं काय झालं हे ती सांगणार होती, आणि त्याच्या तोंडावर जे येईल ते बघणार होती, आणि मग दुपारच्या किल्लीचं ते वाक्य. ते वाक्य आता कुणी ऐकेल असं नव्हतं. ते म्हणायचं होतं.

ओरडणं दमलं. नुसता श्वास राहिला, घरघरणारा. बाहेरून वारं आलं, जाळीतून, फरशीवरून आत, आणि पलंगावरची चादर हलली. बऱ्याच वेळाने मागे पावलं वाजली. इंद्रायणीने मान वळवली नाही. गंगम्मा तिच्या मागे येऊन उभी राहिली, तिच्या खांद्यावरून उघड्या जिन्याकडे, तारांकडे, पिवळ्या कुलपाकडे बघत.

"किल्ली हरवली व्हय गं?" ती म्हणाली. आवाजात आता भीती नव्हती, अनोळखी बाईशी बोलताना असते तेवढीच विचारपूस होती. "कुणाच्या घरची तू?"

"इथलीच," इंद्रायणी म्हणाली.

"घरचे कोण न्हाईत?"

"नाहीत."

"येतील की." गंगम्माने गुडघ्यांवर हात टेकले, कण्हत कण्हत ती तिच्या मागेच खाली बसली, आणि तिचा हात इंद्रायणीच्या पाठीवर आला, उतारू बाईला धीर द्यावा तसा, दोनदा थोपटून तिथेच राहिला. "बस तवर हितं. माझा ल्योक येईल आता. त्याला सांगू, तो उगडून दील तुजं दार."

खाली फाटकाशी गाडी थांबली. कुणीतरी जिना धावत चढू लागलं.